हनुवटीखालचे चार केस

मढ्याची दाढी पुरी करायची नसते. मॅलकी हॅनरॅटीला हे त्याच्या बापानं शिकवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापानं, आयर्लंडातल्या कुठल्याशा चिखलाच्या गावात. गाल साफ करायचे, ओठ साफ करायचा, पण हनुवटीच्या खाली डाव्या अंगाला चार केस तसेच सोडायचे. का, तर साफ दाढी झाली की माणूस चारचौघांत जायला निघतो. मेलेल्यालाही तसं वाटलं तर? चार केस राहिले की तो आपला न्हाव्याची वाट बघत गप पडून राहतो.

हसू नका. आमच्या सहाव्या वॉर्डात, समुद्र ओलांडून आलेल्या आयरिश लोकांच्या वस्तीत, याला कुणी हसत नसे. घरात कुणी गेलं की आधी पाद्री, मग मॅलकी आणि त्याची बायको जोहाना, असा क्रम होता. जोहाना मढ्याला आंघोळ घाली, केस विंचरी, आरसा भिंतीकडे फिरवी, घड्याळ बंद करी. मॅलकी वस्तरा पट्ट्यावर घाशी. दाढी झाली की जोहाना अंगठ्यानं हनुवटीखाली चाचपून बघे, ते चार केस बोटाला लागले की मान हलवी, आणि मगच लोकांना आत सोडी. नवराबायकोत त्या वेळी एक अक्षर बोललं जात नसे. मग तपकिरीची बशी फिरे, चिलमी पेटत, आणि रात्र जागवायला माणसं बसत.

मॅलकीचं दुसरं काम तुम्हाला आवडणार नाही, पण सांगायला हवं. निवडणुकीच्या दिवशी तो क्रेहनच्या गुत्त्याखालच्या तळघरात बसायचा. ल्यूक क्रेहन म्हणजे आमच्या वॉर्डाचा मालकच म्हणा. कुणाला पोलिसात घ्यायचं, कुणाला गॅसच्या दिव्यांच्या कामावर लावायचं, कुणाचं दुकान बंद पाडायचं, सगळं त्याच्या हातात. तो महिनाभर आधी दाढ्या वाढलेली भणंग माणसं गोळा करून ठेवायचा. एकेकाला दाढीसकट मत द्यायला पाठवायचं. परत आला की मॅलकी त्याची हनुवटी साफ करून कल्ले ठेवणार, की झाला दुसरा माणूस. मग कल्ले काढून नुसती मिशी, की तिसरा. मग मिशीही गेली, की चौथा. प्रत्येक वेळी नाव नवं, आणि नाव बहुधा त्या वर्षी मेलेल्याचं. मतदानाच्या खोलीत कारकून ते नाव मोठ्यानं पुकारायचा, माणूस "हजर" म्हणायचा, पक्षाची रंगीत चिठ्ठी पेटीत जायची.

"मेलेली माणसं फार इमानी रे मॅलकी," क्रेहन म्हणायचा. "कधी पक्ष बदलत नाहीत, कधी भाच्याला नोकरी मागत नाहीत."

मॅलकीही हसायचा. ज्यांची दाढी त्यानं मढं म्हणून केली होती, त्यांच्याच नावानं दुसऱ्यांदा करताना त्याला काही वाटत नसे. चार केस त्यानं सोडले होते ना? मग मूळ धनी जागेवर होते. नुसत्या नावानं काय होतंय, असं तो म्हणायचा. माणूस आपल्या सोयीचं बरोबर तेवढं मानतो.

त्याचा एकुलता एक मुलगा थॅडी हे मानत नव्हता. थॅडी छापखान्यात होता, अंगानं सडपातळ, बोलताना कानाची पाळी चोळायची सवय. डोक्यात सुधारणेचं वारं शिरलेलं. वरच्या वस्तीतल्या सुधारणा मंडळाची पत्रकं तो रात्रपाळीत छापून द्यायचा. ते मंडळवाले म्हणजे, आमच्या गल्लीत शिरताना नाकाला रुमाल लावणारी माणसं. आम्हाला त्यांचा राग यायचा आणि अजूनही येतो. पण थॅडी आमचाच होता. एका पत्रकात त्यानं तळघरातल्या हजामतीचं सगळं छापलं. बापाचं नाव तेवढं वगळलं.

"तुझ्या जेवणाचे पैसे त्याच तळघरातून आलेत," मॅलकी ओरडला. "खाताना कडू नाही लागलं?"

"आता लागतंय," थॅडी म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात सकाळी धुकं असताना क्रेहनचा माणूस दुकानात आला आणि म्हणाला, वस्तरा घेऊन होडीघरात चला. मॅलकीला वाटलं, कुणी खलाशी बुडाला असेल. फळीवर गोणपाट पांघरलेलं होतं. क्रेहन टोपी हातात धरून उभा होता. त्यानं गोणपाट बाजूला केलं, आणि मॅलकीच्या हातातली वस्तऱ्याची पेटी खाली पडली.

"नदीनं नेला बिचाऱ्याला," क्रेहन म्हणाला.

उजव्या कानामागे, केसांच्या खाली, कवटी आत दबलेली होती. नदी असं मारत नाही. मॅलकीला ते दिसलं, आणि मॅलकीला दिसलं हे क्रेहनलाही दिसलं.

"पोरांचा हात जरा जड पडला," क्रेहन हळू आवाजात म्हणाला. "मी मारा म्हणालो नव्हतो, दटावा म्हणालो होतो. आता बघ. तू बोंब मारलीस तर ती पोरं फासावर जातील, तू तळघरासाठी तुरुंगात जाशील, आणि जोहाना रस्त्यावर येईल. पोरगा परत येणार आहे का? तो रागानं पश्चिमेला गेला. बस. एवढंच सांग तिला."

मॅलकीनं मान हलवली. भेकड म्हणा त्याला, आम्ही तर म्हटलंच. पण आमच्यातल्या कुणी क्रेहनला नाही म्हटलं होतं कधी? त्यानं पाणी मागितलं आणि पोराची दाढी केली. हात हनुवटीखाली आला तेव्हा चार केस राहू देणं त्याला जमेना. आपलं पोर, असं अर्धवट, गबाळं कसं पाठवायचं? त्यानं ते केस काढले. गाल, ओठ, हनुवटी, सगळं लख्ख. मग त्याला बेवारशांच्या जमिनीत पुरलं, आणि मॅलकीनं खूण म्हणून मातीत एक कालवाचा शिंपला खोचला.

घरी येऊन त्यानं जोहानाला सांगितलं, थॅडी पश्चिमेला गेला.

निवडणूक तोंडावर होती. छापखान्यातले लोक थॅडी कुठाय विचारू लागले, मंडळवाले पोलिसांत गेले. मतदानाच्या दिवशी क्रेहननं तळघरात एक सडपातळ माणूस आणून खुर्चीत बसवला आणि मॅलकीच्या कानाशी लागला. "याची अशी कर, की लांबून तो वाटावा. मत देणारा माणूस मेलेला नसतो, कळलं?"

मॅलकीनं केली. संध्याकाळी शेजारीण जिना चढून धापा टाकत आली. "जोहाना, अगं तुझा थॅडी मत देऊन गेला! माझ्या नवऱ्यानं कानांनी ऐकलं, नाव पुकारलं आणि हा हजर म्हणाला!"

जोहाना चुलीपाशी उभी होती, ती तिथंच खाली बसली. मग मॅलकीकडे बघून म्हणाली, "आला होता. गावात आला, आणि घरी आला नाही. तुझ्यामुळे."

त्या दिवसापासून तिचं वर्ष निवडणुकीच्या नोव्हेंबरापासून पुढच्या नोव्हेंबरापर्यंत चालायला लागलं. दर निवडणुकीला नाव पुकारलं जाई, कुणीतरी लांबून पाठमोरा बघे, आणि तिला येऊन सांगे. बायकांना त्या खोलीत जायची सोय नव्हती, म्हणून ती कोपऱ्यावर शाल गुंडाळून उभी राही, पण क्रेहनची माणसं त्याला मागच्या दारानं काढत. घरी ती कोबी आणि खारवलेलं मांस शिजवी, तिसरं ताट मांडी, जिन्यावर पाऊल वाजलं की एप्रनला हात पुशी. मॅलकी समोर बसून बटाटे चिवडायचा. खरं सांगितलं तर ही बाई जागच्या जागी मरेल, आणि मरायच्या आधी आपलं तोंड बघणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आणि खुर्ची. दुकानातली ती फिरणारी खुर्ची. दुकान बंद करताना मॅलकी ती आरशाकडे तोंड करून ठेवायचा. थॅडीला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर खुर्ची दाराकडे वळलेली. तो म्हणाला, मीच विसरलो असेन. पुढच्या सकाळीही तेच. त्यानं खुर्चीच्या पायाला दोरी बांधून बघितली, तर दोरी तशीच आणि खुर्ची दाराकडे. बैठकीवर हात ठेवला की कातडं गार आणि ओलसर लागायचं, नदीकाठची ओल असते तशी. नुकतीच दाढी करून कुणी उठून बाहेर पडलंय, असं ते दिसायचं. मॅलकी कुणाला बोलला नाही. बोलणार काय? पुरी दाढी कुणाची केली होती, ते त्यालाच माहीत. रोज सकाळी तो खुर्ची फिरवायचा, पुसायचा, आणि गिऱ्हाईक बसवायचा. गिऱ्हाइकं मात्र म्हणायची, मॅलकी, तुझ्या दुकानात गारठा फार.

मग नवा कायदा आला. पक्षांच्या रंगीत चिठ्ठ्या गेल्या, सरकारी पांढरी चिठ्ठी आली, आणि पडद्याआड जाऊन एकट्यानं खूण करायची असं ठरलं. त्याहून वाईट म्हणजे, निवडणुकीच्या आधी प्रत्येकानं स्वतः नोंदणीला यायचं. मंडळाचा माणूस टेबलाशी बसणार, वय, जन्मगाव, आईबाप विचारणार, शंका आली तर ओळखीचं माणूस बोलावणार. आमच्या वॉर्डात मेलेली माणसं एकदम खरोखरची मेली.

मंडळानं आमच्याकडे एलरी नावाचा एक तरुण वकील पाठवला. चिवट माणूस. थॅडी हॅनरॅटीचं प्रकरण तो विसरला नव्हता. तो थेट जोहानाकडे गेला आणि म्हणाला, "बाई, तुमचा मुलगा नोंदणीला आला तर मी तुम्हाला बोलावणं धाडीन. तुम्ही त्याला जवळून बघा."

जोहानानं त्याचे हात धरले. "जवळून?" ती म्हणाली. "नक्की बोलवाल ना?"

क्रेहनला हे कळायला वेळ लागला नाही. तो दुकानात आला, गिऱ्हाईक हाकललं, आणि दार लावून घेतलं. "थॅडी नोंदणीला आला नाही तर तो गेला कुठं, असं विचारतील. जमीन उकरतील. दाढी कुणी केली ते निघेल. आला, तर प्रकरण मिटलं. मी माणूस आणलाय. सगळं पढवलंय त्याला."

"जोहाना ओळखेल," मॅलकी म्हणाला.

"जोहानाला ओळखायचंच आहे रे!" क्रेहन म्हणाला. "इतकी वर्षं वाट बघितलीय तिनं. तू दगडाची दाढी करून पाठव, ती त्याला मिठी मारेल. म्हातारीला पोरगा मिळेल. पाप कसलं त्यात?"

आणि खरं सांगायचं तर मॅलकीलाही क्षणभर तसंच वाटलं. तिला एकदा, एकदाच, थॅडी मिळाला तर?

नोंदणीच्या दिवशी दुपारी त्या माणसाला दुकानात आणलं. ऑरिन नावाचा, कुठून तरी उत्तरेकडून आलेला, दोन दिवस उपाशी. क्रेहनचे दोघं बाहेर थांबले. मॅलकीनं फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर ओढला, आणि गालापासून सुरुवात केली. एकेक पट्टा साफ होत गेला तसा खालून एक जबडा निघत गेला. मॅलकीला तो जबडा पाठ होता. त्यानं स्वतःला समजावलं की सडपातळ माणसं सारखीच दिसतात. उजवा कल्ला घेण्यासाठी त्यानं कानामागे बोट टेकलं.

"हळू," तो माणूस डोळे मिटूनच म्हणाला. "तिथं दुखतंय."

मॅलकीचा वस्तरा थांबला. त्यानं केस बाजूला करून बघितलं. कातडी धड होती, ओरखडासुद्धा नव्हता. त्या जागेबद्दल त्यानं उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. क्रेहनला ती ठाऊक होती, पण तो ती कुणाला कशाला पढवेल?

"काय म्हणालास?"

माणसानं डोळे उघडले. "मी? काही नाही बुवा. डुलकी लागली होती." आणि त्यानं कानाची पाळी चोळली.

ही सवय क्रेहननं पढवली असेल, मॅलकीनं मनाशी म्हटलं. पढवलीच असणार. पुढचं त्यानं केलं नाही, त्याच्या हातानं केलं. हाताला जन्मभराची सवय होती, आणि हाताला वाटत होतं की आपण कुणाची दाढी करतोय ते आपल्याला चांगलं माहीत आहे. फेस पुसला, टॉवेल झटकला, आणि माणूस उठला. बाहेर पडताना त्याच्या धक्क्यानं खुर्ची फिरली आणि दाराकडे तोंड करून थांबली.

नोंदणीचं टेबल घोड्यांच्या तबेल्यात मांडलं होतं. गर्दी बरीच होती. क्रेहन खांबाला टेकून सिगार ओढत होता. मॅलकी दाराशी उभा राहिला; जावंसं वाटत नव्हतं आणि राहवतही नव्हतं.

"थॅडियस हॅनरॅटी!" कारकुनानं पुकारलं.

"हजर."

तबेल्यातले घोडे एकदम पाय आपटायला लागले. आम्ही तिथं होतो, आम्ही ऐकलं. कुणी म्हणतं गर्दीनं बिचकले. असेल.

एलरीनं विचारलं ते सगळं त्यानं बिनचूक सांगितलं. मग एलरीनं मागे वळून खूण केली आणि जोहाना आत आली. तिनं चर्चची टोपी घातली होती, हातमोजेही. तिनं त्याला बघितलं मात्र, आणि असा आवाज काढला की खांबाशी उभा असलेला क्रेहनसुद्धा सरळ झाला.

"थॅडी! अरे माझ्या राजा, किती वाळलास रे! आईला विसरलास होय? रागावला होतास, बापावर रागवायचं, माझ्यावर कशाला?"

ती धावली. माणूस गोंधळून मागे सरकला, पण तिनं दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला. हातमोजे तिनं केव्हाच फेकले होते. गाल चाचपले, कपाळ चाचपलं, आणि अंगठा सवयीनं हनुवटीखाली गेला, डाव्या अंगाला.

तिथं चार केस होते.

जोहानाचा अंगठा तिथंच थांबला. तिनं पुन्हा एकदा चाचपलं, हळूच. वॉर्डातल्या प्रत्येक मढ्यापाशी तिनं हेच केलं होतं. मग तिनं हात काढून घेतले आणि मान वळवून दाराकडे बघितलं. तबेल्यात एवढी माणसं, पण तिला मॅलकी बरोबर सापडला.

"मॅलकी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, घरात मीठ मागतात तसा. "ही मढ्याची दाढी आहे."

मॅलकी आपल्या हातांकडे बघायला लागला.

"बाई, हा तुमचा मुलगा आहे का?" एलरीनं विचारलं.

"नाही. माझा मुलगा मेलाय." तिनं नवऱ्यावरची नजर काढली नाही. "त्याची दाढी या माझ्या नवऱ्यानं केलीय, मढं म्हणून. तेव्हाची आठवण याच्या हाताला आहे, तोंडाला नाही. कुठं ठेवलंयस रे माझं पोर?"

"मॅलकी, जपून बोल हं," क्रेहन म्हणाला.

पण मॅलकी गुडघ्यांवर बसला होता, घोड्यांच्या लिदीत, आणि बोलत होता. होडीघर, गोणपाट, कानामागची जागा, शिंपला, रोज दाराकडे वळणारी खुर्ची. सगळं. बोलताना तो क्रेहनकडे नाही, एलरीकडे नाही, फक्त जोहानाकडे बघत होता. तो ऑरिन केव्हा पळाला ते कुणाला कळलं नाही. पुढं एलरीच्या माणसांनी त्याला शोधून काढलं आणि विचारलं, कानामागे दुखतंय असं तू का म्हणालास? त्यानं बायबलावर हात ठेवून सांगितलं की मी असं काही बोललोच नव्हतो.

क्रेहनला शिक्षा झाली, ती खोट्या मतांसाठी. खुनाच्या खटल्यात साक्षीदारांना काही आठवेना. मॅलकीनं साक्ष दिली म्हणून त्याला सोडलं. मंडळ निवडून आलं, आणि आमच्या गल्लीतला चिखल होता तसाच राहिला. पण आता मत द्यायला जिवंत माणसंच जातात, हे त्यांच्या बाजूनं बोलायला हवं.

शिंपल्याच्या खुणेवरून थॅडी सापडला. जोहानानं घरातला आरसा भिंतीकडे फिरवला, घड्याळ बंद केलं, आणि खिडकी उघडून असा हंबरडा फोडला की खालच्या रस्त्यावर गाड्या थांबल्या. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते. मॅलकीला तिनं घराबाहेर काढलं नाही. त्याच्याशी ती बोलत मात्र नव्हती. दफन झाल्यावर एकदाच बोलली.

"त्याला ठेवले होतेस का चार केस?"

"नाही," मॅलकी म्हणाला. "आपलं पोर, जोहाना. अर्धवट नाही ठेववलं. पुरी केली."

"म्हणून फिरत होता बिचारा," ती म्हणाली. "आणि मी वेडी, कोपऱ्यावर उभी राहायची. तो तुझ्याकडे येत होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅलकीनं दुकान उघडलं. खुर्ची त्यानं ठेवली होती तशीच होती, आरशाकडे तोंड करून. बैठकीवर हात ठेवला, तर कातडं कोरडं आणि उबदार. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यानं दार सताड उघडं ठेवलं, स्वतःच्या हातानं खुर्ची दाराकडे वळवली, आणि वस्तरा घेऊन तिच्यामागे उभा राहिला. दुपारपर्यंत त्यानं एकाही गिऱ्हाइकाला त्या खुर्चीत बसू दिलं नाही. पण ज्याच्यासाठी ती वळवली होती, तो काही आला नाही.